छताची सावली कोणासाठी? बर्लिन, म्युनिक, मेक्सिको आणि वऱ्हाडचे ऊन

१/
फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर चालू आहे. अर्धे मैदान उन्हाने पांढरेफटक, अर्धे सावलीने काळेकुट्ट. चेंडू सावलीत शिरतो आणि दोन-तीन क्षण दिसेनासाच होतो. दोष खेळाडूचा नाही, आपल्या टीव्हीचाही नाही. तो आहे प्रेक्षागाराच्या छताचा. या दोषामागे जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाची एक वाट आपल्या अमरावतीवरून जाते. आजचा धागा या सावलीचा. 🧵

२/
प्रेक्षकाच्या डोक्यावर छत असावे ही कल्पना फार जुनी आहे. रोमच्या कलोसियममध्ये ‘वेलॅरियम’ नावाचे कापडी छत दोरखंडांनी ताणून बसवत आणि ते हाताळायला आरमारातील खलाशी नेमत. शिडांची सवय त्यांनाच. पण त्या छताची रचना एकाच हिशेबावर बेतलेली होती: बसणाऱ्याला सावली मिळावी. ती सावली रिंगणात कुठे पडते, याची चिंता करण्याचे कारण नव्हते. पाहणारा माणूस तिथेच बसलेला होता आणि माणसाचा डोळा ऊन-सावली दोन्ही सांभाळून घेतो.

३/
हाच हिशेब वऱ्हाडातल्या गावोगावच्या कबड्डी सामन्यांत आजही दिसतो. पाहुण्यांचा मांडव बहुधा मैदानाच्या पश्चिमेला घालतात. सामने दुपारनंतरचे, मावळतीचे ऊन पाहुण्यांच्या पाठीशी राहावे, डोळ्यांत येऊ नये, हा साधा व्यवहार. समोरच्या बाजूला, पूर्वेकडे, गावकरी उघड्यावर बसतात आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून सामना पाहतात. सावली कोणाला आणि ऊन कोणाला, हे मांडव घालतानाच ठरलेले असते. हा मांडव लक्षात ठेवा; पुढे तो अब्जावधी रुपयांच्या स्टेडियममध्ये पुन्हा भेटणार आहे.

४/
आधुनिक फुटबॉल मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे दुपारनंतर कोणत्याही एका संघाच्या डोळ्यांत थेट सूर्य येत नाही. मुख्य स्टँड पश्चिमेला असते. मान्यवर, पत्रकार आणि मुख्य कॅमेरा तिथेच. कॅमेऱ्याच्या पाठीशी सूर्य असला की चित्र स्वच्छ येते, हे छायाचित्रकलेचे पहिले सूत्र. इथवर सारे शहाणपणाचे आहे. अडचण सुरू होते ती या पश्चिमेच्या स्टँडवर मोठे छत आल्यावर.

५/
सूर्य पश्चिमेकडे कलला की त्या छताची सावली मैदानावर उतरते, तीही कॅमेऱ्याच्या जवळच्या बाजूने. जवळचा पट्टा काळोखा, दूरचा लखलखीत. खेळ या दोन्हींतून सतत ये-जा करणारा. म्हणजे पश्चिमेच्या मान्यवरांना मिळालेली सावली घरच्या प्रेक्षकाच्या पडद्यावर अंधार होऊन येते. छत हजारोंसाठी बांधलेले असते आणि त्याची किंमत लाखो घरे मोजतात.

६/
आता इतिहास. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नावाजला. १९३६ साली या मंडळाचे पथक थेट बर्लिनला पोहोचले. ऑलिंपिकच्या निमित्ताने जगभरचे शारीरिक शिक्षणाचे जाणकार तिथे जमले होते. त्यांच्यापुढे वऱ्हाडच्या तरुणांनी कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. अमरावतीहून मुंबई आणि तिथून समुद्रमार्गे युरोप, हा प्रवास त्या काळी काय होता याची कल्पनाच करावी.

७/
त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात आणखी एक गोष्ट पहिल्यांदा घडत होती. ऑलिंपिक स्पर्धांचे दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण. घरोघरी संच नव्हते. बर्लिनमध्ये ठिकठिकाणी सार्वजनिक दालने उघडली होती आणि तिथे गर्दी करून लोक चित्र पाहत. त्या काळात सुमारे दीड लाख लोकांनी ते पाहिले असे मानले जाते. चित्र अवघ्या १८० रेषांचे. आजच्या साध्या एचडी चित्रात १०८० रेषा असतात, यावरून ते किती धूसर असेल हे कळावे.

८/
त्या कॅमेऱ्यांपैकी एकाचे भिंग इतके प्रचंड होते की साऱ्या यंत्राची लांबी दोन मीटरहून अधिक भरे. लोकांनी त्याला ‘दूरचित्रवाणीची तोफ’ असे नाव ठेवले. त्याच्या पोटात ‘आयकॉनोस्कोप’ नावाची नळी होती आणि ती प्रकाशाची भलतीच भुकेली होती. स्वच्छ ऊन असले तरच चांगले चित्र. ढग आले की सारे मळभ. म्हणून जोडीला दुसरी युक्ती ठेवली होती. गाडीवरच्या कॅमेऱ्याने फिल्म काढायची, गाडीतच धुवायची आणि एक-दीड मिनिटात ती प्रक्षेपित करायची. ही तोफ चालवणाऱ्यांत टेलिफुंकन कंपनीचा एक तरुण अभियंता होता, वाल्टर ब्रूख. हे नाव पुन्हा येईल.

९/
बर्लिनचे ते ऑलिंपिक स्टेडियम लाखभर प्रेक्षकांचे होते आणि त्यावर छत नव्हते. आकाश उघडे, ऊन सर्वत्र सारखे. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या जन्मकाळी शत्रू एकच होता: ढग आणि पाऊस. पावसाने तर भारताच्या हॉकी अंतिम सामन्यालाही एक दिवस थांबवले. १४ ऑगस्टचा सामना १५ ऑगस्टला झाला आणि ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले. छताची सावली हा शत्रू अजून रंगमंचावर आलेला नव्हता.

१०/
तो लवकरच आला. १६ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनमध्ये बीबीसीने आर्सेनलचा पहिला संघ आणि त्याच क्लबचा राखीव संघ यांच्यातला सामना हायबरी मैदानावरून दाखवला. फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण म्हणून हीच नोंद पहिली धरली जाते. हायबरीच्या पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंना तेव्हा नवी कोरी छत असलेली स्टँड उभी राहिली होती. छत आणि कॅमेरा अशा रीतीने एकाच अंगणात राहायला आले. पुढची भांडणे या शेजारातूनच उपजली.

११/
पण डोळ्याला जे जमते ते कॅमेऱ्याला का जमत नाही? भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. शेजारच्या दाट सावलीत त्याचा दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. आपली नजर सावलीकडे वळताच बाहुली आणि मेंदू क्षणात जुळवून घेतात. फरक जाणवतही नाही. कॅमेऱ्याला मात्र एका चौकटीत दोन्ही एकदम पकडायचे असतात. त्यात एका संघाचा गणवेश पांढरा आणि दुसऱ्याचा गडद निळा असला, तर उन्हातला पांढरा आणि सावलीतला निळा यांतील अंतर जुन्या नळीच्या कॅमेऱ्याच्या कुवतीपलीकडचे असे.

१२/
अशा वेळी प्रक्षेपणाच्या गाडीत एक माणूस केवळ भिंगाच्या पडद्यावर, म्हणजे आयरिसवर, बोटे ठेवून बसतो. चेंडू सावलीत गेला की आयरिस उघडायची. उन्हात आला की मिटायची. उघडली की उन्हातला भाग पांढरा फटफटीत होतो, मिटली की सावलीतला काळा. लांब फटक्याने चेंडू एका क्षणात सीमा ओलांडतो आणि बोटे मागे राहतात. आपल्याला पडद्यावर जो प्रकाशाचा हेलकावा जाणवतो, तो या अदृश्य माणसाच्या धडपडीचा असतो.

१३/
सावलीने वास्तुकलेला पहिल्यांदा वाकवले ते म्युनिकमध्ये, १९७२च्या ऑलिंपिकसाठी. ग्युंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांनी तंबूसारखे, तारांवर तोललेले छत कल्पिले. मुख्य स्टेडियमात ते केवळ पश्चिमेच्या स्टँडवर येणार होते. म्हणजे आपल्या तिसऱ्या पोस्टमधला मांडवच. छत अपारदर्शक केले असते, तर दुपारनंतर धारदार काळी सावली थेट मैदानात उतरली असती. आणि या ऑलिंपिकचे प्रक्षेपण रंगीत होणार होते.

१४/
रंगाने प्रश्न दुप्पट अवघड केला. उन्हाचा प्रकाश पिवळसर असतो. सावलीत मात्र निळ्या आभाळाचा परावर्तित प्रकाश येतो. डोळा हा भेद सहज विसरतो, कॅमेरा विसरत नाही. उन्हाशी जुळवलेल्या रंगीत कॅमेऱ्याला सावलीतले हिरवे गवत निळसर दिसते. शिवाय रंगीत कॅमेरा आत आलेला प्रकाश लाल, हिरवा आणि निळा असा तीन वाटांनी विभागतो, त्यामुळे प्रत्येक नळीच्या वाट्याला प्रकाश कमीच येतो. कृष्णधवल काळात जी सावली केवळ खुपत होती, ती आता चित्रच बिघडवू लागली.

१५/
म्हणून प्रक्षेपण करणाऱ्यांच्या मागणीचा विचार होऊन म्युनिकच्या छताला पारदर्शक ॲक्रिलिकचे पत्रे बसले. स्टेडियम, क्रीडादालन आणि जलतरण तलाव मिळून सुमारे ७५ हजार चौरस मीटर. पाऊस अडला, प्रकाश झिरपत राहिला. त्या छताच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्याच्या पारदर्शकपणामागे एक अगदी व्यावहारिक कारण होते, कॅमेऱ्याला सावली सोसत नव्हती. दोन वर्षांनी, ७ जुलै १९७४ रोजी, याच मैदानावर पश्चिम जर्मनीने नेदरलँड्सला २-१ हरवून विश्वचषक जिंकला.

१६/
आणि वाल्टर ब्रूख? बर्लिनमध्ये उन्हाची वाट पाहणाऱ्या या अभियंत्याने १९६३ साली रंगीत प्रक्षेपणाची ‘पाल’ पद्धत जगापुढे मांडली. पश्चिम जर्मनीत १९६७ला रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली ती याच पद्धतीने. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी हीच पद्धत स्वीकारली. अमरावतीचे पथक ज्या शहरात प्रात्यक्षिके करत होते, त्याच शहरात कॅमेरा चालवणाऱ्या माणसाची पद्धत सेहेचाळीस वर्षांनी वऱ्हाडातल्या टीव्ही संचांत येऊन पोहोचली.

१७/
१९८४च्या सुमारास दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने विणले. महानगरांपुरता असलेला छोटा पडदा जिल्ह्याच्या गावी आला. बरेच संच अजून कृष्णधवल, घराच्या छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना आणि वारा आला की कोणीतरी वर चढून तो फिरवणार. या पार्श्वभूमीवर १९८६चा मेक्सिको विश्वचषक आला. भारतातल्या कितीतरी घरांत रात्र जागवून फुटबॉल पाहिला गेला तो या स्पर्धेपासून.

१८/
२२ जून १९८६. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, मेक्सिको सिटीचे अझ्टेका स्टेडियम. तिथे दुपारचे बारा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मॅराडोनाचे ते दोन्ही गोल याच सामन्यातले. पण त्या चित्रफिती आज पुन्हा पाहिल्या तर मैदानाच्या मध्यभागी एक चमत्कारिक गोष्ट दिसते: आठ पायांच्या कोळ्यासारखी काळी आकृती. मैदानाच्या वर, मधोमध, तारांनी टांगलेल्या ध्वनिक्षेपकांची ती सावली. मॅराडोनाच्या पायाइतकीच ती त्या स्पर्धेची खूण होऊन बसली आहे.

१९/
सावली नेमकी मध्यभागीच का? याचे उत्तर वऱ्हाडच्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर कळेल. अमरावतीचा अक्षांश सुमारे २०.९ अंश उत्तर, अकोल्याचा २०.७. दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैत सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळाशाळांत ‘शून्य सावली दिवस’ साजरा होतो तो हाच. मेक्सिको सिटीचा अक्षांश १९.४. जूनमध्ये तिथला दुपारचा सूर्यही जवळजवळ माथ्यावर असतो.

२०/
म्हणजे अझ्टेकाच्या छताची सावली त्या वेळी छताखालच्या प्रेक्षकांवरच राहिली, मैदानावर आलीच नाही. जे मध्यावर टांगले होते, त्याचीच सावली मध्यावर पडली. मग इतक्या भर उन्हात सामना का ठेवला? कारण मेक्सिकोतली दुपार म्हणजे युरोपातली संध्याकाळ. तिथला प्रेक्षक टीव्हीपुढे बसलेला हवा होता. मॅराडोना आणि वाल्दानो यांनी या वेळांविरुद्ध उघड तक्रार केली, पण वेळा बदलल्या नाहीत. घड्याळही आता कॅमेऱ्याच्या बाजूने उभे होते.

२१/
छताचा सर्वात महागडा हिशेब लंडनच्या नव्या वेम्बलीत मांडला गेला. २००७ साली ते उघडले. छताचे काही भाग सरकते ठेवले, त्यामागे गवताला ऊन मिळावे हे एक कारण आणि मैदानावरची सावली कमी व्हावी हे दुसरे. मे-जूनमध्ये दुपारी तीन ते पाच, म्हणजे ऐन मोठ्या सामन्यांच्या वेळी, मैदान उन्हात राहावे असे वास्तुकारांचे उद्दिष्ट होते. १९ मे २००७ला चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात एफए चषकाचा अंतिम सामना झाला. सुरुवातीलाच मैदानाचा काही भाग सावलीत होता आणि समालोचकांनी ते बोलूनही दाखवले.

२२/
महाराष्ट्रात या प्रश्नाला क्रिकेटच्या वाटेने उत्तर मिळाले. मुंबईचे वानखेडे स्टेडियम २०११च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधले गेले. छताला टेफ्लॉनचे आच्छादन आहे आणि दृष्टीआड येणारे खांब नाहीत. स्टँडमधली गरम हवा ओढून घ्यायला छतावर पंखे बसवले, म्हणजे समुद्रावरचा वारा आत येतो. असे टेफ्लॉनलेपित कापड साधारण दहा-पंधरा टक्के प्रकाश झिरपू देते. सावली त्याने नाहीशी होत नाही; तिची धार तेवढी बोथट होते. रोमच्या कापडी छताचा हा दूरचा वंशज म्हणायला हरकत नाही.

२३/
फुटबॉलसाठी आपल्याकडची मोठी परीक्षा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने दिली. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी रचलेल्या या स्टेडियमचे छतही मधल्या खांबांशिवाय पुढे झेपावते. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील विश्वचषकात इथे न्यूझीलंड-तुर्कस्तान सामना संध्याकाळी पाचला सुरू झाला. सूर्यास्त साडेसहाच्या आधीच. म्हणजे एकाच सामन्यात तिरपे ऊन, संधिप्रकाश आणि विजेचे झोत. मैदान मुळात क्रिकेटचे, त्यामुळे फुटबॉलच्या रेषा स्टँडपासून बऱ्याच दूर. प्रेक्षकाला खेळ लांबून पाहावा लागतो, पण तेच अंतर छताची सावली थोडी उशिरा आत येऊ देते.

२४/
दरम्यान कॅमेराही शिकत गेला. २०१६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एचडीआर चित्राचे मानक प्रसिद्ध केले. उजेड आणि काळोख यांमधला मोठा पल्ला एकाच चौकटीत सामावण्याची ही पद्धत. २०१८च्या रशिया विश्वचषकाचे सामने अतिसूक्ष्म चित्रात आणि एचडीआरमध्ये टिपले गेले. ज्याच्याकडे तसा संच, त्याला सावलीतला चेंडूही दिसू लागला. बाकीच्यांना मात्र तेच चित्र साध्या रूपात आवळून मिळते आणि आवळताना सावली पुन्हा डोके वर काढते. सावलीतले दिसणे हेही आता ऐपतीवर अवलंबून आहे.

२५/
आता हिशेब आपल्या मातीत करून पाहू. समजा अमरावतीत फुटबॉल मैदानाच्या पश्चिमेला २० मीटर उंचीचे छत बांधले, त्याची कड सीमारेषेच्या १० मीटर मागे. डिसेंबरचा मध्य, सामना दुपारी तीनला. अमरावतीचे अक्षांश-रेखांश घेऊन सूर्याची उंची काढली तर असे दिसते:
• तीन वाजता: सावली सीमारेषेच्या आत सुमारे १५ मीटर
• चार वाजता: सुमारे ३५ मीटर
• पाच वाजता: संपूर्ण मैदान सावलीत
मैदानाची रुंदी ६८ मीटर. म्हणजे चार वाजता, ऐन उत्तरार्धाच्या तोंडावर, ऊन-सावलीची सीमा मैदानाच्या बरोबर मधून जाईल.

२६/
हिवाळा हाच वऱ्हाडातला मैदानी स्पर्धांचा हंगाम. उन्हाळ्यात इथे दुपारी मैदानावर उभे राहणेच कठीण. म्हणजे ज्या महिन्यांत आपण खेळतो, त्याच महिन्यांत सूर्य सर्वात खाली असतो आणि सावल्या सर्वात लांब. युरोपातला नकाशा जसाच्या तसा उचलून इथे छत उभारले, तर उन्हाळ्याच्या मध्यान्ही ते निर्दोष ठरेल आणि हंगामाच्या प्रत्येक संध्याकाळी फसेल. छताचा हिशेब गावागणिक नव्याने मांडावा लागतो, कारण सूर्य गावागणिक वेगळा दिसतो.

२७/
अकोल्याचे वसंत देसाई क्रीडांगण असो वा अमरावतीची मैदाने, इथल्या बहुतेक सामान्य प्रेक्षकाच्या डोक्यावर आजही आकाशच आहे. मग हा प्रश्न आपला कसा? तर असा: जिल्ह्याचे, तालुक्याचे सामने आता मोबाइलवरून थेट दाखवले जातात. तिवईवर ठेवलेला तो फोन बहुधा मांडवाच्या सावलीतच असतो. तो स्वतःच्या मर्जीने प्रकाश जुळवतो आणि उन्हातली मुले पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात. बर्लिनच्या दोन मीटर लांब तोफेपुढची अडचण खिशातल्या यंत्रापुढे, थोड्या वेगळ्या रूपात, अजून उभीच आहे.

२८/
आणि त्या ठिपक्यांना महत्त्व आहे. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएलच्या झोतात दिसले आहेत. त्यांच्यामागून येणारी मुले अशाच मैदानांवर खेळत आहेत आणि घरी बसलेले आईवडील, दूरच्या गावचा प्रशिक्षक त्यांना अनेकदा त्या छोट्या पडद्यावरच पाहतो. चित्रात जे दिसले नाही, ते त्यांच्यापुरते घडलेच नाही.

२९/
नव्वद वर्षांत छताखालचा प्रेक्षक तोच राहिला. बदलला तो दूरचा प्रेक्षक. १९३६ला तो बर्लिनच्या दालनात होता, १९८६ला अँटेनाखाली जागत होता, आज तो फोन हातात धरून बसला आहे. म्युनिकने त्याच्यासाठी छत पारदर्शक केले, वेम्बलीने सरकते केले, मुंबईत कापडातून थोडा उजेड आत येतो. उद्या वऱ्हाडात कुठल्या मैदानावर छताचा आराखडा मांडला गेला, तर खर्चाच्या आणि खुर्च्यांच्या आकड्यांसोबत आणखी एक आकडा मागून घ्यावा: डिसेंबरच्या मध्यावर, दुपारी चार वाजता, या छताची सावली कुठवर येईल?

३०/
तोवर एक छोटा उद्योग. आपल्या गावच्या मैदानावर दुपारी तीन, चार आणि पाच वाजता एकाच जागेवरून एकेक छायाचित्र काढा. झाड, पाण्याची टाकी, मांडव, जे असेल त्याची सावली किती सरकली ते पावलांनी मोजा आणि तारीख व गावाच्या नावासह या धाग्याखाली टाका. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, सगळीकडची छायाचित्रे येऊ द्या. वऱ्हाडातल्या मैदानांचा सावलीचा नकाशा आपणच तयार करू.